देवीचा मुऱ्हाळी

श्रीअंबेच्या चरणी मस्तक ठेवून, आणि ज्याच्या हातातील अमृतकलश अजून रिता झालेला नाही त्या भगवान धन्वंतरीचे स्मरण करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त घरचेच आहे. माझा नातू डॉक्टरीच्या परीक्षेत उतरून आला आणि आज धनत्रयोदशीस अकोल्यात त्याने आपला दवाखाना मांडला. पूजा आटोपल्यावर तो जवळ येऊन बसला व म्हणाला, "आजोबा, आम्हांला शिकवायला मोठी इमारत होती, उपकरणे होती, कपाटे भरून पुस्तके होती. तुम्हांला कोणी आणि कशावर शिकवले?" उत्तर लांबलचक होते आणि पंगत खोळंबली होती. म्हणून ते आता कागदावर उतरवतो.

माझे विद्याध्ययन अमरावतीस एका वृद्ध वैद्यराजांच्या घरी झाले. ते दिवस कापसाच्या तेजीचे होते. समुद्रापलीकडे कोठेसे यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस अडला होता म्हणे, आणि त्याचा परिणाम असा की आमच्या वऱ्हाडातील काळ्या मातीत लक्ष्मी उघड्या पायांनी फिरू लागली होती. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. एक गृहस्थ तर एके दिवशी बैल घेऊन गुरुजींच्या अंगणात उभा राहिला. "महाराज, याले सोन्याची मात्रा द्या. पैशाचं पाहू नका." गुरुजींनी बैलाच्या खांद्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "याला मात्रा नको. याला तुझ्यापासून आठवडाभर सुट्टी हवी." तो मनुष्य हसत हसत परत गेला, आणि बैलाला सुट्टी मिळाली असेही पुढे कळले.

गुरुजींची शिकवण्याची रीत निराळी होती. सकाळी संहितेचे पठण होई, परंतु दुपारी ते आम्हांस रोग्यांच्या घरी धाडीत आणि परतल्यावर नाडीविषयी काही विचारीतच नसत. त्या घरात पाणी कोण भरते, सर्वांच्या शेवटी कोण जेवते, म्हातारीचे अंथरूण कोठे घालतात, हे विचारीत. ज्याला सांगता येत नसे त्याला औषधाच्या खलाला हात लावू देत नसत.

अमरावतीत तेव्हा सरकारी दवाखाना होता आणि तेथील डॉक्टर पुण्याकडचे होते. त्यांना गाईच्या फोडांतील लसीने देवी टोचण्याची विद्या येत होती. गुरुजींनी मला ती शिकण्यास त्यांच्याकडे पाठवले, तेव्हा अंबेच्या सभामंडपात विद्वानांनी गुरुजींना गाठले. "वैद्यराज, शिष्याला आता गाईच्या सडावरचे फोड शिकवता?" असा तो प्रश्न होता. गुरुजी शांतपणे म्हणाले, "देवी कोणाच्या घरी यायचे चुकवीत नाही. ती हलक्या पावलांनी यायला तयार असेल, तर दार उघडायला आपण का लाजावे?"

वाचकांपैकी तरुण मंडळींना त्या काळची टोचणी ठाऊक नसेल. आजच्यासारखी कुपीतली लस तेव्हा क्वचितच मिळे, आणि काचेवर सुकवून आणलेली लस वऱ्हाडच्या उन्हात बहुधा निरुपयोगी होऊन जाई. म्हणून एका बालकाच्या दंडावर टोचावे, आठवड्याने तेथे पुटकुळी पिकली म्हणजे तीतली लस दुसऱ्या बालकास द्यावी, त्याच्याकडून तिसऱ्यास, असा तो क्रम असे. लस दूरच्या गावी न्यायची तर बालकालाच न्यावे लागे, आणि पुटकुळी सुकण्यापूर्वी पोहोचावे लागे.

मी टोचणी शिकून काही महिने झाले असतील. एके दिवशी कापसाच्या गाड्या हाकणारा एक माळी आमच्या दारी आला. "महाराज, तुमची बहीन वेशीपाशी उभी होती. म्हने, माह्या भावाले सांगजा, बाजूच्या गावात देवी आल्या, अन् माहं लेकरू अजून अंगावर पिते."

माझी थोरली बहीण बाळापूरच्या अलीकडे एका खेड्यात जोश्यांच्या घरी दिली होती. तिचे पहिले मूल देवीतच गेले होते. पुष्कळ वर्षांनी दुसरा मुलगा झाला होता आणि तो अजून रांगतही नव्हता. मी गुरुजींकडे पाहिले. त्यांनी एवढेच विचारले, "सध्या गावात टोचलेले मूल कोणाकडे आहे?"

ते मूल त्या गाडीवानाच्याच घरी निघाले. त्याच्या भावाचा शहराबाहेर भाजीचा मळा होता आणि त्या भावाची दीड वर्षांची मुलगी दोनच दिवसांपूर्वी मी स्वतः टोचली होती. आम्ही मळ्यात गेलो तेव्हा तिची आई वांगी तोडीत होती. मी हेतू सांगितला, तशी ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अंगावर देवी असतानी लेकरू कोनी उंबऱ्याबाहीर काढते काय, बाप्पा? अन् तुमी त पार बाळापूर दाखवून राह्यले! माही पोरगी काय दुधाची घागर हाये? हिच्यातलं काढाव अन् त्याच्यात ओताव?"

मी शास्त्र सांगू लागलो. तिने वांग्यांची टोपली डोक्यावर घेतली आणि चालू लागली. गुरुजी मात्र विहिरीवरील मोटेच्या धावेवर बसले व म्हणाले, "घागर नव्हे, बाई. या घटकेला ती आम्हांला साक्षात देवी आहे."

ती थबकली. "खरंच मानता, का काम काढाले म्हनता?"

"मानतो."

"मंग देवीवानी न्या. तिचा पाय भुईले लागला नाई पायजे. जिथी जाईन तिथी तिची ओटी भरली पायजे. अन् टोचनारानं आधी तिच्या पाया पडाव, मंग सुरी काढाव."

"मान्य," गुरुजी म्हणाले, आणि माझ्याकडे वळून हसले. "ऐकलेस? आजचा पाठ हाच."

कापसाच्या दिवसांत रिकामी गाडी मिळणे अशक्य होते. लग्नाच्या वऱ्हाडालासुद्धा गाडी मिळत नसे. तेव्हा त्या माउलीने दिराला सांगून टाकले, की कापूस पश्चिमेला जाणारच आहे, त्यावर आम्ही बसतो. अशा रीतीने देवीची स्वारी कापसाच्या बोऱ्यांवर चढली. आई शेजारी बसली. मी गाडीमागून चालू लागलो, कारण बोऱ्यांवर तिसऱ्याला जागा नव्हती, आणि असती तरी देवीने मला ती दिली असती असे वाटत नाही. तिला माझी शेंडी ओढण्याचे वेड लागले होते.

वाटेत काटेपूर्णा नदीच्या उतारावर गाड्यांची ही एवढी रांग लागली होती. पाणी थोडेच होते, परंतु वाळूत चाके रुतत होती आणि सर्व गाडीवान एकमेकांच्या कुळांचा उद्धार करीत होते. आमचा गाडीवान गाडीच्या दांडीवर उभा राहून ओरडला, "हटा गा! गाडीत देवी हाये!"

पलीकडून कोणी उत्तर दिले, "देवी हाये त तिलेच म्हन ना, चाक उचल! आमी कायले रगत आटवून राह्यलो?"

सगळा नदीकाठ हसला. तेवढ्यात आमची देवी बोऱ्यांवर उठून बसली. तिच्या दंडावरची पुटकुळी उन्हात मोत्यासारखी दिसत होती. हातातील भाकरीचा तुकडा तिने खाली भिरकावला, तो नेमका त्या बोलणाऱ्याच्या पागोट्यावर पडला. त्याने तो तुकडा हातात घेतला, वर पाहिले, दंड पाहिला, आणि मुकाट्याने हात जोडले. मग त्यानेच आमच्या चाकाला खांदा लावला. अकोल्यापर्यंत ही वार्ता आमच्या पुढे धावली. बाजारातील बायका गाडी थांबवून ओटी भरीत होत्या, आणि खोबऱ्याच्या वाट्या ठेवण्यास पुढे जागा उरली नाही.

बहिणीच्या गावी आम्ही अगदी वेळेवर पोहोचलो. पुटकुळी पूर्ण भरली होती. दुसऱ्या दिवशी ती सुकू लागली असती. वेशीवर सारे गाव जमले होते. पुढे पाटलांच्या वृद्ध मातोश्री होत्या, ज्यांच्या शब्दाबाहेर गावातील कोणतीही बाई नव्हती. त्यांनी मुलीला हातांवर घेतले, आणि मी निश्चिंत मनाने बहिणीच्या घरी स्नानसंध्येस गेलो. बहिणीने तान्हा माझ्या मांडीवर दिला. ती त्याच्या उघड्या दंडावरून बोट फिरवीत राहिली.

मी सुरी उकळत्या पाण्यातून काढून मारुतीच्या पारावर गेलो, तो तेथे बायका सतरंज्या उचलीत होत्या. मुलगी न्हाऊन-माखून, कडुनिंबाचा डहाळा हातात घेऊन आईच्या मांडीवर पेंगत होती.

पाटलांच्या मातोश्री समाधानाने म्हणाल्या, "झालं, बाप्पा! देवीची पाठवनी थाटात केली. शिवेवर नारय फोडला. आता गावाले भेव नाई."

मी म्हणालो, "पाठवणी? अहो, ती तर आत्ताच आली!"

"आली, न्हाली, जेवली, गेली. पावनीले कितीक दिवस बसवाव?"

आमच्याकडची रीत अशी की अंगावर आलेल्या देवीला शेवटी कडुनिंबाच्या पाण्याने न्हाऊ घालून, ओटी भरून निरोप देतात. त्या भाविक स्त्रियांनी आदरातिथ्याच्या भरात स्वागत आणि निरोप एकाच बैठकीत उरकले होते. मी त्या मुलीच्या आईकडे पाहिले. ती हळूच म्हणाली, "फोडाले म्या कोनाचं बोट लागू देल्लं नाई. पुरा वेळ हात धरून होतो." पुटकुळी शाबूत होती. परंतु आता आपले लेकरू पुढे करणार कोण? ज्या देवीला निरोप दिला तिला मागे ओढणे म्हणजे तिचा कोप ओढवून घेणे, हे तेथल्या प्रत्येक आईला स्पष्ट दिसत होते.

मी देवी सर्वव्यापिनी आहे, ती जाते-येते हा केवळ आपला व्यवहार आहे, असे प्रतिपादन सुरू केले. संस्कृत वचने म्हटली. अर्थ सांगितला. मातोश्रींनी सर्व ऐकून घेतले.

"असन. पन पाठवनी त आमी केली ना."

बायका खुदकन हसल्या. मग मातोश्रींचा आवाज खाली आला. "पोरा, गेल्या देवीले मांगून हाक मारली त ती कशी येते, थे तुले ठाऊक नाई. मले हाये. माहे लेकरं म्या तिले देल्ले."

मी सुरी फडक्यात गुंडाळू लागलो. ऊन पारावरून उतरत होते.

तेवढ्यात गर्दीतून माझी बहीण पुढे आली. कडेवर मूल होते. ती त्या वृद्धेच्या पायाशी बसली आणि नेहमीच्या गप्पा असाव्यात तशा सुरात विचारू लागली.

"आजी, तुमच्या नातीचे गेल्या साली लग्न केलेत. पाठवणीही केलीत ना?"

"केली ना वो. गाव जेवलं."

"मग ती मागे संक्रांतीला इथे कशी दिसली?"

"मुऱ्हाळी धाडून आनली. भाऊ गेला होता तिचा."

"रागावून आली?"

"माहेरी कोनी रागावून येते काय, पोरी?"

"मग या देवीलाही मुऱ्हाळी धाडा, आजी. पाठवणी केलीत म्हणजे लेक मानलीत. लेकीला माहेरी आणायला हरकत कोणाची?"

सासुरवाशिणीला माहेरपणासाठी आणावयास जो भाऊ जातो तो मुऱ्हाळी, हे वाचकांस सांगावयास नकोच. मातोश्रींनी माझ्या बहिणीच्या तोंडाकडे पाहिले. त्यांना तिचे पहिले मूल आठवत असावे. मग त्यांनी पदर खोचला.

"अन् मुऱ्हाळी कोन?"

बहिणीने बोट माझ्याकडे दाखवले.

मग काय विचारता! गाडी पुन्हा जुंपली. गाडीवान कुरकुरला, "म्या कापूस पोचवू का देवी?" पण त्याच्या मिशा हसत होत्या. मायलेकींना शिवेपलीकडे नेऊन उभे केले, आणि वाजंत्र्यांसह मी त्यांना आणावयास निघालो. साऱ्या गावची पोरे माझ्यामागे "मामा, मामा" करीत नाचत होती.

गाडीवरून ती माळीण मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "लुगड्याबिगर मुऱ्हाळी कुठी पायला गा? मी नाई उतरत."

वाजंत्री थांबली. मागून मातोश्रींनी हाक दिली, "बरोबर बोलली बाई!" आणि घरून हिरवे लुगडे व मुलीसाठी खण मागवला. मी ते दोन्ही हातांनी पुढे केले. अशा वेळी मुऱ्हाळ्याने काय म्हणावे हे मला संहितेत कोणी शिकवले नव्हते. तोंडून निघाले ते असे: "ताई, आईने बोलावले आहे. चल."

तिच्या चेहऱ्यावरील थट्टा मावळली. तिने लुगडे कपाळाला लावले. "येतो, भाऊ," ती म्हणाली.

पारावर परतल्यावर मी ठरल्याप्रमाणे आधी त्या बालिकेच्या पायांवर मस्तक ठेवले. तिने माझी शेंडी धरली ती बऱ्याच वेळाने सोडली. मग माझ्या बहिणीने आपल्या मुलाचा दंड पुढे केला. तिचा हात स्थिर होता. माझाही स्थिर राहावा म्हणून मी धन्वंतरीला आळवले. एकदोघांनी कुजबुज केली, की जोश्यांच्या मुलाला माळ्याच्या पोरीची लस? मातोश्रींनी मान न वळवता उत्तर दिले, "माहेरच्या लेकीचं उष्टं खाल्ल्यानं जात जाते काय? चाला, आता माहा पनतू घ्या." त्यानंतर पाराभोवती जी रीघ लागली ती लस पुरेल की नाही याची मला चिंता पडेपर्यंत हटली नाही.

मायलेकी दोन दिवस माहेरपण भोगून अमरावतीस परतल्या. मी मागे राहिलो, कारण टोचून निघून जाणे गुरुजींना मान्य झाले नसते. पुटकुळ्या छान वर आल्या. बहिणीच्या मुलाची तर सर्वांत टपोरी होती.

आणि ती पिकली त्याच सकाळी शेजारच्या गावचे दोन बाप वेशीबाहेर येऊन उभे राहिले. त्यांच्या गावात देवी होत्या, म्हणून ते आत पाऊल टाकीत नव्हते. तेथूनच त्यांनी हात जोडले.

टोचलेल्या मुलाला देवी बाधत नाही, हे मी डॉक्टरांकडून शिकलो होतो. परंतु शिकणे निराळे, आणि स्वतःच्या बहिणीला तिचे एकुलते एक मूल घेऊन त्या गावात चल म्हणणे निराळे. मी तिच्या दारात गेलो, पाणी मागितले, पाणी प्यालो, आणि पुन्हा पाणी मागितले.

ती म्हणाली, "तहान एवढी लागत नाही कोणाला. वेशीवर किती जण आले आहेत?"

मी सांगितले.

तिने मुलाला उचलले, त्याच्या टाळूवर तेल घातले आणि त्याला छातीशी धरले. मग विचारले, "तू शिकला आहेस त्यावर तुझा विश्वास आहे ना?"

"आहे."

"मग तू हात धुऊन ये. मी नारळ घेते. त्या गावात ओटी भरायला कोणी उठू शकत असेल की नाही कोण जाणे."

पाटलांच्या मातोश्री गाडीपर्यंत आल्या. त्यांनी तांदूळ आणले होते. मुलाकडे पाहून त्या क्षणभर अडल्या. "देवी पोराच्या अंगात हाये, अन् पोराले त पदर नाई," असे म्हणून त्यांनी त्याच्या झबल्याचा घोळ धरला आणि त्यातच ओटी भरली. बहीण इतकी हसली की तिचे डोळे भरून आले, आणि गाडी चालू झाली तरी ती झबले सावरीत हसतच होती.

त्या गावी आम्ही पुष्कळ लेकरांना टोचले. माझ्या भाच्याच्या अंगावर एक फोडही उठला नाही. त्या वर्षी देवी बहिणीच्या गावीही आल्या, आणि टोचलेल्या पाळण्यांना ओलांडून गेल्या. भाचा मोठा झाला, संसारी झाला, आणि आता माझ्याहून अधिक खोकतो.

नातवा, मला कोणी आणि कशावर शिकवले असे तू विचारलेस. तुझ्या दवाखान्यात ज्या माता लेकरे घेऊन येतील, त्यांच्याकडे काही मागण्यापूर्वी त्या काय देत आहेत ते पाहत जा; बाकीचे तुझ्या गुरूंनी तुला माझ्याहून चांगले शिकवले आहे.

ज्यांनी हे येथवर वाचले त्यांच्या घरी आई जगदंबा सदैव सुप्रसन्न मुखाने येवो. त्यांचे पाळणे हलते राहोत, त्यांच्या वृद्धांची अंथरुणे उबदार राहोत, त्यांच्या दारी येणाऱ्या वैद्याचा हात स्थिर आणि वाणी मृदु असो, आणि त्या घरातील लेकींना आणावयास वेळेवर भाऊ जावो. शुभं भवतु.